फळीखालचा आधार
(प्रस्तावना)

पुस्तकांचे कपाट करवून घेणारा गृहस्थ सुताराशी बोलणे करावयास बसतो तेव्हा लाकूड कोणते घ्यावे, उंची किती असावी, दारांना काच बसवावी की जाळी, पॉलिश गडद द्यावे की फिके, या सर्व बाबींचा तो दोन-दोन दिवस खल करतो. परंतु ज्या चार लहानशा टेकणांवर प्रत्येक फळीचा आणि त्या फळीवरील समस्त ग्रंथांचा भार पुढे आयुष्यभर राहावयाचा असतो, त्या टेकणांविषयी तो बहुधा एक अक्षरही विचारीत नाही, आणि सुतारही ती बाब अखेरच्या दिवशी, हाताशी जे सापडेल त्यावर, भागवून नेतो. हा शिरस्ता इतका रूढ झाला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणास वाटतही नाही.

प्रस्तुत पुस्तिका हा शिरस्ता मोडावा या एकाच हेतूने लिहिली आहे. तिचे प्रतिपाद्य असे, की ज्या कपाटातील फळ्यांची उंची पुढेमागे बदलावयाची आहे, मिस्त्री लोक ज्यांना सर्रास ‘ॲडजस्टेबल’ फळ्या म्हणतात, त्या कपाटाचा आराखडा टेकणापासून सुरू व्हावा. आधी टेकण ठरावे, मग त्याचा भार सोसेल अशी बाजू, मग त्या बाजूंमध्ये शोभेल व टिकेल अशी फळी, आणि रंगरोगणाचा विचार सर्वांच्या शेवटी.

या विषयाकडे माझे लक्ष प्रथम वेधले ते एका अपघाताने. विद्यार्थिदशेत एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी पुस्तके देण्याघेण्याचे काम करीत असे. श्रावणातल्या एका रात्री तेथील जुन्या कपाटातील वरून दुसरी फळी एका टोकाने सुटली आणि तिच्यावरील मासिकांचे बांधीव खंड खालच्या फळीवर व तेथून जमिनीवर कोसळले. सकाळी आम्ही कपाट उघडून पाहिले तो फळी अखंड होती, आणि खुंट्याही अखंड होत्या. त्या लोखंडी सळईचे तुकडे होते व त्यांपैकी एकही वाकलेला नव्हता. ढळले होते ते भोक. वर्षानुवर्षे भाराखाली दबत, पावसाळ्यात ओलावत आणि उन्हाळ्यात आक्रसत त्या गोल भोकाचे लांबट, खालच्या बाजूस ओघळलेले छिद्र झाले होते, त्याची कड गंजाने काळी पडली होती, आणि सळईचा तुकडा त्यातून अलगद निसटला होता. पाठ मोडलेल्या त्या खंडांची सुटी पाने जुळवून फितीने बांधण्यात आमचे पुढचे कित्येक आठवडे गेले. त्या आठवड्यांत मला जे कळले तेच या पुस्तिकेचे बीज होय: टेकणाचे सामर्थ्य टेकणात नसते, ते ज्या लाकडात रोवले आहे त्या लाकडात असते.

फळीची उंची बदलण्याची गरज मुळात उत्पन्न का व्हावी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या जुन्या वाड्यांतून भिंतीत कोनाडे व फडताळे असत आणि त्यांतील फळ्या भिंतीतच कायमच्या बसविलेल्या असत. तरीही पोथ्या ठेवणाऱ्या घरास त्यांची कधी अडचण भासली नाही. याचे कारण पोथी ही आडवी निजणारी वस्तू आहे. सुट्या पानांची, लाकडी पाट्यांमध्ये धरलेली व फडक्यात बांधलेली पोथी एकीवर एक रचावयाची, आणि फडताळ भरले की थांबावयाचे; सरकारी कागदपत्रांचे दफ्तरही याच न्यायाने रुमालांत बांधून एकावर एक ठेवले जाई. जी वस्तू निजते तिला वरच्या फळीच्या उंचीशी कर्तव्य नसते. पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे छापखाने रुजले, पाठीवर बांधणी असलेले पुस्तक आले, आणि पुस्तक फळीवर उभे राहिले. आणि ज्या दिवशी ते उभे राहिले त्या दिवशी त्याची उंची ही कपाटाची एक अट होऊन बसली. बदलती फळी हे बांधीव पुस्तकाचे अपत्य आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

युरोपात पुस्तके याच्या पुष्कळ आधी उभी राहू लागली, तेव्हा तेथेही सर्वांनाच बदलत्या फळीचा मार्ग सुचला असे मात्र नाही. लंडनमधील प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १६६६ साली सिम्प्सन नावाच्या सुताराकडून आपल्या ग्रंथांसाठी कपाटे करवून घ्यावयास आरंभ केला. ती बारा कपाटे आज केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात त्याच्या तीन हजार ग्रंथांसह उभी आहेत. हा मनुष्य टापटिपीचा एवढा भोक्ता की आपले ग्रंथ त्याने उंचीच्या क्रमाने लावले, आणि एखादे पुस्तक शेजारच्याहून आखूड भरले तर त्याच्या खाली लाकडाचा ठोकळा देऊन त्याची मान इतरांच्या बरोबरीस आणली. त्या कपाटांच्या कारागिरीविषयी आदर बाळगूनही हे म्हणावे लागेल की येथे पुस्तकाने फळीशी जुळवून घेतले आहे. संग्रह तीन हजारांवर थांबवावयाचा असे ज्याने ठरविले त्याला हे परवडले. ज्याचा संग्रह वाढावयाचा आहे त्याला फळीनेच पुस्तकाशी जुळवून घेतले पाहिजे.

ही दुसरी दृष्टी खऱ्या अर्थाने प्रस्थापित केली ती सार्वजनिक ग्रंथालयांनी. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाची वॉशिंग्टन येथील इमारत १८९७ साली उघडली तेव्हा तिच्यासाठी बर्नार्ड ग्रीन या अभियंत्याच्या योजनेनुसार स्नीड कंपनीने ज्या लोखंडी मांडण्या केल्या, त्यांतील फळ्या वरखाली करता याव्यात हे आरंभापासूनच धरून चाललेले होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, आणि पुढे तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत लोखंडी मांडण्या व खालच्या मजल्यास उजेड मिळावा म्हणून काचेची जमीन, अशी रचना झाली. आमच्याकडे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक मिळवावे ही आकांक्षा धरणाऱ्या संस्थेस उद्या कोणत्या आकाराचे पुस्तक दारी येईल हे आज कसे सांगता यावे? १९३१ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील पाचवे असे की ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे. या सूत्राचा अर्थ इमारतीच्या व कर्मचाऱ्यांच्या वाढीपुरता लावण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्याचा सर्वात लहान, परंतु नित्य डोळ्यांपुढे असणारा अन्वय फळीखालच्या टेकणात आढळतो.

घरगुती संग्रहाच्या बाबतीत हा लाभ किती मोठा आहे हे साध्या हिशेबाने दाखविता येते. आमच्याकडील क्राउन आकाराचे पुस्तक सुमारे ७½ इंच उंच असते, डेमी आकाराचे सुमारे ८½ इंच, आणि कोश, नकाशासंग्रह, चित्रांचे ग्रंथ १२ इंचांपर्यंत जातात. आतून ७२ इंच उंचीचे कपाट घेतले आणि मोठे ग्रंथ कोठेही मावावेत म्हणून प्रत्येक कप्पा, फळीची जाडी धरून, १३ इंचांचा कायमचा करून टाकला, तर कप्पे पाच होतात व वर काही इंच वाया जातात. तेच कपाट बदलत्या फळ्यांचे केले, मोठ्या ग्रंथांस १३ इंचांचा एक कप्पा दिला आणि उरलेल्या जागेत ९¾ इंचांवर एकेक फळी लावली, तर एकूण कप्पे सात होतात. कपाट ३ फूट रुंद असेल तर त्याच जागेत ६ फूट लांबीची पुस्तके अधिक राहतात. आणि दिवाळी अंकांची चळत पुढेमागे वाढली तर दोन फळ्या थोड्या सरकवून तिचीही सोय लागते. शहरातील दोन खोल्यांच्या घरात हा फायदा सामान्य नव्हे.

आता भाराचा विचार करू, कारण टेकणाची निवड येथूनच सुरू होते. सामान्य आकाराच्या पुस्तकांची एक फूट लांब ओळ सुमारे १० किलो भरते. गुळगुळीत जाड कागदावरील चित्रमय ग्रंथ वा कोश असतील तर वजन याच्या दीडपटीवर जाते. म्हणजे तीन फुटांच्या भरलेल्या फळीवर साधारण ३० किलो आले. टेकणे चार, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलो, असा हिशेब कोणीही करील. तथापि तो खरा ठरतो तो फळी अगदी सपाट आणि चारही टेकणे एका पातळीत असतील तेव्हाच. फळीस किंचित पीळ असेल किंवा एक भोक एक सूत वर गेले असेल, तर फळी डगमगते, समोरासमोरची तिरकी दोनच टेकणे जवळजवळ सर्व भार घेतात, आणि साडेसातांचे पंधरा होतात. यास्तव टेकण निवडताना हिशेबाने निघणाऱ्या भाराच्या दुप्पट भार त्यावर येईल असे गृहीत धरावे, हा या पुस्तिकेचा पहिला दंडक आहे.

दुसरी गोष्ट फळीच्या लांबीची. जाडी तीच आणि फुटामागे वजन तेच ठेवून फळीची लांबी दोन फुटांवरून तीन फुटांवर नेली तर तिचा झोल दीडपट होत नाही, तो सुमारे पाचपट होतो. चार फुटांवर नेली तर सोळापट. उलटपक्षी पाऊण इंचाची फळी एक इंचाची केली तर तोच झोल निम्म्याहून खाली येतो. आता झोलाचा टेकणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. फळी मध्ये झुकली की तिची टोके वळतात, तिचा भार टेकणाच्या मुळाशी न राहता त्याच्या पुढच्या टोकावर जातो, आणि टेकण तरफेप्रमाणे वागून भोकाची खालची कड चिरडू लागते. आमच्या वाचनालयातील फळी अशीच साडेतीन फुटांची होती. म्हणून पाऊण इंच जाडीची फळी पुस्तकांकरिता अडीच फुटांपलीकडे नेऊ नये. न्यावीच लागली तर तिच्या पुढल्या कडेस दीड इंच उभी लाकडी पट्टी जोडून तिला बळ द्यावे. भुश्याच्या दाबीव तक्त्याची फळी तर भाराखाली महिनोन्महिने हळूहळू वाकतच राहते, म्हणून तिच्याबाबत लांबी याहूनही कमी धरावी.

टेकणांच्या जाती अनेक असल्या तरी त्यांचे मूळ प्रकार मोजकेच आहेत, आणि प्रत्येकास आपापला गुणधर्म आहे.

पहिली व सर्वात सरळ ती भोकातील खुंटी. बाजूच्या फळ्यांत पुढे एक व मागे एक अशा भोकांच्या दोन उभ्या ओळी पाडावयाच्या आणि हव्या त्या उंचीवर चार खुंट्या घालावयाच्या. खुंटी लाकडी असेल तर ती शिसव किंवा पक्क्या सागाची, तीन सूत जाडीची असावी. जाड खुंटीचा भार भोकाच्या अधिक रुंद कडेवर पसरतो, हा तिचा मोठा गुण, आणि पावसाळ्यात फुगून ती भोकात रुतते, हा तिचा दोष. हार्डवेअरच्या दुकानात ‘शेल्फ पिन’ म्हणून जी मिळते ती धातूची खुंटी. तिचा भोकात जाणारा भाग बहुधा ५ मिलिमीटर वा पाव इंच जाडीचा असतो, आणि चांगल्या पिनेस बाहेर चपटी जीभ असते, जिच्यावर फळी सपाट टेकते. नुसत्या गोल सळईपेक्षा ही जिभेची पिन नेहमीच श्रेयस्कर, कारण गोल सळई फळीच्या पोटात खाच पाडते. युरोपातील कारखान्यांनी भोकांचा एक सर्वमान्य हिशेब ठरविला आहे: भोक ५ मिलिमीटरचे, दोन भोकांतील अंतर ३२ मिलिमीटर, आणि पुढली ओळ कडेपासून ३७ मिलिमीटर आत. आपल्याकडील तयार फर्निचरही आता याच मापाने येऊ लागले आहे, आणि ज्याला पुढे सहज बदली पिना मिळाव्यात असे वाटते त्याने हे माप धरण्यात शहाणपण आहे. जेथे फळ्या वारंवार हलणार तेथे भोकात पितळी नळीचा बुश बसवावा. मग घर्षण धातूचे धातूशी होते, लाकूड झिजत नाही, आणि भार नळीच्या साऱ्या अंगावर वाटला जातो. आमच्या वाचनालयात चार-चार आण्यांचे असे बुश असते तर तो श्रावण निर्वेध गेला असता.

दुसरा प्रकार दातेरी पट्ट्यांचा, आणि तो माझ्या विशेष ममत्वाचा आहे. कपाटाच्या चार आतील कोपऱ्यांत करवतीच्या दात्यांसारख्या खाचा असलेल्या चार उभ्या लाकडी पट्ट्या ठोकतात, आणि पुढच्या व मागच्या पट्टीच्या समोरासमोरच्या खाचांत एक आडवी रिप बसवून तिच्यावर फळी ठेवतात. इंग्लंड-फ्रान्समधील जुन्या ग्रंथकपाटांतून ही युक्ती शतकानुशतके चालत आली आहे. हिच्यात धातूचा कणही नाही, म्हणून गंजाचे भय नाही. फळी चार बिंदूंवर न टेकता दोन्ही बाजूंना पूर्ण खोलीभर रिपेवर टेकते. आणि भार भोकात न जाता सबंध पट्टीतून, तिच्या सर्व स्क्रूंतून, बाजूत उतरतो. चारही पट्ट्या एकत्र आवळून एकदमच खाचा पाडल्या की पातळी चुकण्याचा संभवच राहत नाही. किंवा एका रुंद पट्टीच्या मध्यरेषेवर एक-एक इंच व्यासाची भोके ओळीने पाडून ती मधोमध चिरली तर गोल खाचांच्या दोन सारख्या पट्ट्या आपोआप तयार होतात. गावातला सुतार साध्या हत्यारांनी हे काम करू शकतो. फळीचे चारही कोपरे पट्ट्यांभोवती कापावे लागतात आणि दात्यांत धूळ बसते, एवढीच हिची तक्रार.

तिसरा प्रकार खाचांच्या धातूच्या पट्टीचा. व्हिक्टोरियन काळात बर्मिंगहॅमच्या टाँक्स या कारखान्याने तो लोकप्रिय केला, आणि आजही अनेक देशांत अशा पट्टीस त्याच नावाने ओळखतात. उभ्या पट्टीत जवळजवळच्या आडव्या खाचा, त्यांत अडकणारी लहान क्लिप, आणि क्लिपवर फळी, अशी रचना. पट्टी तळापासून वरपर्यंत स्क्रूंनी जखडलेली असल्यामुळे भार एका ठिकाणी साचत नाही, आणि उंची अगदी थोडी-थोडी बदलता येते. म्हणून जड कोशांसाठी व संस्थांसाठी मी हीच सुचवितो. मात्र चारही पट्ट्या एकाच खाचेपासून मोजून कापल्या पाहिजेत, आणि शक्य तर बाजूत चर खणून पृष्ठभागाशी समतल बसविल्या पाहिजेत. वरून ठोकलेल्या पट्टीने फळी आणि बाजू यांत जी फट पडते तीत लहान पुस्तके कलंडतात.

राहिले दोन प्रकार. पैकी फळीच्या टोकातील चरात लपणारी वाकविलेली तार दिसावयास सुंदर, किंबहुना न दिसण्यातच तिचे सौंदर्य. परंतु चर खणल्याने फळीचे टोक नेमके भाराच्या जागी पातळ होते, म्हणून ती हलक्या संग्रहापुरतीच राखावी. भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोकून त्यांत ब्रॅकेट अडकविण्याच्या पद्धतीत बाजूच नसतात, सर्व भार भिंतीवर लोंबतो आणि सर्वात वरचा स्क्रू भिंतीतून उपसून निघू पाहतो. स्क्रू गिलाव्यात न थांबता विटेत खोल गेला पाहिजे, आणि जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीवर तर ही पद्धत योजूच नये. हिचा एक गुण मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे: ब्रॅकेट फळीच्या टोकांशी न लावता दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आत घेता येतात, आणि तसे घेतले की झोल पुष्कळच कमी होतो.

टेकण कोणतेही असो, ते आपल्या हवेत राहावयाचे आहे, हे निवड करणाऱ्याने विसरता कामा नये. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. ते रेषेच्या आडवे, म्हणजे रुंदीत, फुगते व आक्रसते. या एका नियमातून कितीतरी व्यावहारिक गोष्टी निघतात. भरीव सागाची फळी मागच्या बाजूस थोडी मोकळीक ठेवूनच घालावी. दातेरी पट्टीतील रिप पुढून मागे लांबीत जाते, म्हणून ती वाढत नाही, पण जिच्यावर पट्ट्या ठोकल्या ती भरीव बाजू पावसाळ्यात रुंदावते व पट्ट्यांना एकमेकींपासून दूर नेते. सबब आषाढात घट्ट मापून कापलेली रिप वैशाखात निघता निघत नाही, आणि जाणता सुतार ती अर्धा सूत आखूडच कापतो. कोकणपट्टीत व गोव्यात खाऱ्या हवेमुळे साध्या लोखंडी पिना काही वर्षांतच गंजतात आणि ओलसर सागात काळे डाग पाडतात. तेथे पितळ, गंजरहित पोलाद वा निव्वळ लाकूड यांवाचून अन्य काही वापरू नये. प्लायवुडच्या बाजू ऋतूंप्रमाणे फारशा हलत नाहीत, हा त्यांचा फायदा. भुश्याच्या तक्त्यात मात्र भोकाची कड फार लवकर भुगा होते, म्हणून तेथे बुश किंवा पट्टी अपरिहार्य समजावी.

उत्तम टेकणही बसविणाऱ्याच्या हलगर्जीने वाया जाते. भोकांसाठी एक ठाम साचा करावा. जाड फळकुटात अचूक अंतरावर भोके पाडून तेच प्रत्येक बाजूवर ठेवून गिरमिट चालवावे, आणि साचा नेहमी तळाच्याच कडेस टेकवावा, कधी तळास व कधी माथ्यास नव्हे. पाऊण इंचाच्या बाजूत भोक अर्ध्या इंचाहून खोल जाऊ नये म्हणून गिरमिटाच्या पात्यास ठोकळ्याचा अटकाव लावावा. फळी आतील रुंदीपेक्षा सुमारे एक सूत आखूड असावी. याहून आखूड असेल तर ती टेकणावरून सरकून पडण्याचा धोका असतो. आणि सर्वात महत्त्वाचे हे की उंच कपाटात मधोमध एक फळी कायमची जखडलेली असावी. बदलत्या फळ्या बाजूंना धरून ठेवीत नाहीत, त्या नुसत्या टेकतात. भाराने बाजू बाहेर फाकल्या तर सर्वच फळ्यांचा आधार एकदम हरपतो. मधली ही एक फळी अचल आहे म्हणूनच इतरांना चळता येते.

या पुस्तिकेच्या पुढील प्रकरणांत वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकाराची मापे, साहित्य, हत्यारे व बसविण्याचा क्रम आकृत्यांसह दिला आहे, आणि अखेरच्या प्रकरणात जुन्या कपाटातील झिजलेली भोके लाकडी मेख सरसाने बसवून कशी बुजवावीत व पुन्हा कशी पाडावीत, याचा खुलासा केला आहे. कारण नवे कपाट करणाऱ्यांपेक्षा जुने सांभाळणारे आपल्यात अधिक आहेत. येथे जे काही उपयुक्त आढळेल ते बव्हंशी मी गावोगावच्या सुतारांच्या हाताखाली उभा राहून शिकलो. शब्दांपेक्षा रंध्याने व गुण्याने बोलणाऱ्या त्या माणसांचे ऋण मी येथे नम्रपणे नमूद करतो. जेथे चूक असेल ती माझी समजावी.

वाचकांस एवढीच विनंती आहे, की सुतारास बोलावण्यापूर्वी आपल्या संग्रहातील सर्वात उंच आणि सर्वात जड पुस्तके खाली काढावीत, फूटपट्टीने मोजावीत, एक फूट ओळ काट्यावर तोलून पाहावी, आणि ते आकडे कागदावर लिहून त्या कागदाच्या शिरोभागी टेकणाचा प्रकार व माप आधी लिहावे. काम पुरे झाल्यावर त्याच जातीची आठ टेकणे अधिक घेऊन लहानशा पिशवीत कपाटाच्या आतल्या बाजूस टांगून ठेवावीत. पुस्तके वाढतीलच, त्या दिवशी फळी हलवावयास तुम्हांस कोणाचीही वाट पाहावी लागणार नाही.